वजन, शुगर, लिव्हर आणि ती नवी इंजेक्शनं: गोव्यात लोक विचारतात ते प्रश्न

फोंड्याला फार्मसीच्या काउंटरवर मी रोज बसते आणि हल्ली सकाळी शटर वर गेलं की "बाय, ते वजनाचं इंजेक्शन आलं काय तुमच्याकडे?" हा प्रश्न येतोच येतो, म्हणजे सेमाग्लुटाइड नाहीतर टिर्झेपाटाइड. त्याच्या मागून आणखी चार येतात, शुगरचे, लिव्हरचे, किमतीचे. गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सावकाश लिहितेय. औषध आणि डोस डॉक्टरच ठरवणार, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं हे तरी माणसाला माहीत हवं असं मला मनापासून वाटतं.

वजन, शुगर, बीपी, फॅटी लिव्हर हे सगळे एकाच दमात का सांगतात? आजार तर वेगळे ना?

फाइली वेगळ्या, पण शरीरात त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. गरजेपेक्षा जास्त खाल्लेलं शरीर आधी कातडीखाली चरबी म्हणून ठेवतं, तिथे ती फारसा त्रास देत नाही. ती जागा अपुरी पडली की चरबी लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती जाऊन बसते आणि खरी गडबड तिथून सुरू होते. चरबी साठलेलं लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, रात्री आपण झोपलेले असताना साखर रक्तात सोडत राहतं, त्यामुळे "रात्री काहीच खाल्लं नाही तरी सकाळची शुगर वाढलेली कशी" हे जे कोडं लोकांना पडतं त्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. तेच लिव्हर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, हीही जास्त बाहेर टाकतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून काही वर्षं निभावून नेतं आणि मग कमी पडायला लागतं. म्हणून आजचं संशोधन शुगरचं एक औषध, बीपीचं दुसरं, लिव्हरचं तिसरं असं न बघता मुळातल्या चरबीकडे आणि भुकेच्या हार्मोनकडे वळलंय.

गोव्याचं नाव यात एवढं का घेतात?

कारण आकडा खरंच काळजी करण्यासारखा आहे. आयसीएमआर-इंडियाब नावाच्या देशभरातल्या पाहणीचे निकाल २०२३ मध्ये आले, त्यात प्रौढांमधलं डायबिटीसचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत सगळ्यात जास्त. म्हणजे चार मोठी माणसं जेवायला बसली तर सरासरी एकाला डायबिटीस. कारणं एकच एक नाहीत, आपल्याकडे माणसं जास्त जगतात, शहरं आणि गावं जवळजवळ सारखी झालीत, शेतातलं काम गेलं आणि दारात स्कूटर आली, कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही आपण चालत नाही. शीत-कढीला नावं ठेवून उपयोग नाही असं माझं मत, आपले आजे तेच खायचे, पण ते दुपारभर शेतात किंवा बागायतीत राबायचे.

मी बारीक आहे, पँटचा नंबर तेवढा वाढलाय. मला हे लागू होतं का?

होतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. यडकिन नावाच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा, २२.३, पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त, ही आपल्या लोकांची ठेवण. याज्ञिकांच्या टीमने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आणि ही ठेवण जन्मतःच दिसते हे दाखवलं, वजनाने कमी भरणाऱ्या बाळातसुद्धा स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून.

म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयच्या रेषा खाली आणल्यात. युरोप-अमेरिकेत २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा, आपल्याकडे २३ आणि २५.

मग काटा सोडून काय मोजायचं?

टेप. शिंप्याकडे असते ती साधी टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरा, श्वास सोडून मोजा, पोट आत ओढू नका. पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की तपासण्या करायच्या. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पँट आपण पोटाच्या खाली बांधतो.

तपासण्या म्हणजे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), बीपी, लिव्हरची एन्झाइम्स आणि प्लेटलेट. यातल्या एएसटी, एएलटी, प्लेटलेट आणि वय या चार गोष्टींवरून डॉक्टर फिब-४ नावाचा आकडा काढतात, वेगळे पैसे लागत नाहीत, आणि लिव्हर घट्ट व्हायला लागलंय का याचा पहिला अंदाज येतो. हा आकडा काढून मागा. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेटच्या तज्ज्ञ मंडळानेही हेच मांडलं की नुसत्या बीएमआयवरून कुणाला आजारी ठरवू नका, अवयवांवर परिणाम झालाय का ते बघा.

ते इंजेक्शन अंगात गेल्यावर करतं तरी काय?

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला "पुरे झालं" असा निरोप देतं. पण शरीरातलं एन्झाइम त्याला दोन-तीन मिनिटांत तोडून टाकतं, त्यामुळे ते औषध म्हणून जसंच्या तसं कामाचं नव्हतं. वाट सापडली ती अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत, तिथे याच धर्तीचा पण लवकर न तुटणारा पदार्थ मिळाला आणि त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये डायबिटीससाठी मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागायचं. मग लिराग्लुटाइड आलं, रोज एकदा, आणि त्यानंतर सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदा. टिर्झेपाटाइड त्याच्या पुढचं, ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं.

घेणारे मला सांगतात की सगळ्यात मोठा फरक पोटात न जाणवता डोक्यात जाणवतो, संध्याकाळी चार वाजल्यापासून चहाबरोबर काय खाऊ हा जो विचार चालू असायचा तो थांबतो. हे ऐकलं की मला बरं वाटतं, कारण वर्षानुवर्षं या माणसांना "तुझी जिभ ताब्यात नाही" असं घरचेच ऐकवत आलेत, आणि एका हार्मोनने ती भूक शांत होते म्हणजे तो दोष त्यांच्या स्वभावाचा कधीच नव्हता.

किती उतरतं वजन, खरं सांगा?

ट्रायलमधले, म्हणजे माणसांवर केलेल्या चाचण्यांमधले, आकडे देते. सेमाग्लुटाइडची स्टेप-१ ट्रायल, २०२१, १,९६१ माणसं, ६८ आठवडे: औषध घेणाऱ्यांचं सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसता आहार-व्यायामाचा सल्ला आणि खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या सरमाउंट-१ मध्ये, २०२२, ७२ आठवड्यांत वरच्या डोसला २०.९ टक्के. नंतर दोन्ही औषधं समोरासमोर ठेवली तेव्हा टिर्झेपाटाइड २०.२ आणि सेमाग्लुटाइड १३.७. सरासरी म्हणजे सरासरी, काहींचं पाच टक्केही उतरत नाही. आणि या ट्रायलमध्ये बहुतेक माणसं आपल्यापेक्षा खूप जड, गोऱ्या लोकांची संख्या जास्त, त्यामुळे ८० किलोच्या फोंडेकराने आपले २० टक्के आधीच हिशेबात धरू नयेत.

पण मला बारीक दिसायचं नाहीये, हार्ट आणि किडनीचं काय?

हा प्रश्न विचारलात तर तुमच्याशी मी अर्धा तास बोलेन. २०२३ ची सिलेक्ट ट्रायल, १७,६०४ माणसं, सगळ्यांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून, वजन जास्त पण डायबिटीस नाही. सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. २०२४ मध्ये फ्लो ट्रायल आली, डायबिटीस आणि किडनीचा आजार असलेल्यांमध्ये किडनी निकामी होण्यासारख्या मोठ्या घटना आणि किडनी किंवा हृदयाच्या आजाराने होणारे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी. टिर्झेपाटाइडला तर अमेरिकेत झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठीही डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

सगळीकडे यश आलेलं नाही हेही सांगायला हवं. अल्झायमरमध्ये सेमाग्लुटाइडचा उपयोग होईल अशी मोठी आशा होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या दोन्ही मोठ्या ट्रायलचा निकाल आला आणि आजार काही मंदावला नाही.

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ लिहिलंय. औषध आहे का?

ग्रेड १ वाल्या बहुतेकांना औषध लागत नाही, सात ते दहा टक्के वजन उतरलं तर लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. औषधाचा प्रश्न येतो तो सूज येऊन लिव्हरमध्ये व्रण धरायला लागले की. त्यासाठी जगात पहिलं औषध मंजूर व्हायला मार्च २०२४ उजाडलं, रेस्मेटिरॉम, लिव्हरमधल्या थायरॉइड हार्मोनच्या एका रिसेप्टरवर काम करणारी गोळी. ट्रायलमध्ये वरच्या डोसला साधारण ३० टक्के लोकांची सूज गेली, खोट्या गोळीवर १० टक्क्यांच्या आसपास. ऑगस्ट २०२५ मध्ये याच आजारासाठी अमेरिकेने सेमाग्लुटाइडलाही मान्यता दिली. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये फॅटी लिव्हर राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात घेतलं, त्यामुळे हेल्थ सेंटरवर हा विषय काढायला लाजू नका.

आणि दारू. रोज संध्याकाळी दोन पेग फेणी आणि वर पोट सुटलेलं, हे दोन्ही एका लिव्हरला झेपत नाही. असा मिश्र आजार आता वेगळा धरतात, त्यामुळे डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, बायको बरोबर असली तरी सांगा.

बंद केलं तर वजन परत येतं म्हणतात, खरं का?

खरं. स्टेप-१ मधल्या काही लोकांना औषध थांबवून वर्षभर बघितलं, उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला आणि बीपी-शुगरचा फायदाही बराचसा गेला. बीपीची गोळी सोडली की बीपी वाढतं तसंच हे. म्हणून लग्न दोन महिन्यांवर आलंय म्हणून घेणाऱ्याला मी सरळ सांगते, नका घेऊ. कमी डोसवर किंवा जास्त अंतराने देऊन वजन टिकवता येईल का यावर आता काम चाललंय आणि माझ्या मते आपल्या देशासाठी तो सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, कारण आयुष्यभर महिन्याला हजारो रुपये कोण घालणार?

साइड इफेक्ट काय?

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ, जुलाब, ढेकर. डोस वाढवताना जास्त, म्हणून सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमने आणि टिर्झेपाटाइड २.५ ने सुरू करून चार-चार आठवड्यांनी वर नेतात, घाई करायची नाही. चवथीच्या दुसऱ्या दिवशी एक काका आले होते, चेहरा पांढराफटक, नेहमीसारख्या सहा-सात नेवऱ्या आणि वर खतखतं खाल्लेलं आणि रात्रभर उलट्या. पोट सावकाश रिकामं होत असताना तळलेलं गोड एवढं जाणारच नाही. अर्धी नेवरी खावी आणि ताट बाजूला करावं.

कमी वेळा पण गंभीर: पित्ताचे खडे, स्वादुपिंडाला सूज. पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ आली तर थेट इस्पितळ गाठा, बांबोळीला जीएमसी असो वा जवळचं कुठलंही. घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर हे औषध घेत नाहीत. डायबिटीसमुळे डोळ्यांचा त्रास असेल तर आधी पडदा तपासून घ्या. इन्सुलिन किंवा शुगरची ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल तर शुगर खाली जाऊ शकते, त्यांचे डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावे लागतात.

स्नायूंचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. उतरलेल्या वजनात बऱ्यापैकी वाटा स्नायूंसारख्या चरबी नसलेल्या भागाचा असतो, स्टेप-१ च्या स्कॅनमध्ये तो ४० टक्क्यांच्या जवळ गेला. आपल्या लोकांचे स्नायू आधीच कमी. भूक मेली म्हणून पेज आणि लोणच्यावर भागवू नका, नुस्तं (मासे), अंडी, मूग, चवळी, दही, काहीतरी प्रत्येक जेवणात हवं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचे किंवा खुर्चीवरून उठबस करायचे व्यायाम. साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच.

बायकांनी काही वेगळं बघायचं का?

हो. पीसीओएस, म्हणजे हार्मोनच्या गडबडीने पाळी अनियमित होण्याचा त्रास, असलेल्या मुलींचं वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहायची शक्यता वाढते, पण ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवायचं. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, सुरुवातीला आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरा उपायही वापरा. हे मी मुलीला बाजूला घेऊन सांगते, सासूसमोर नाही.

पुढे काय येतंय?

बरंच. रेटाट्रुटाइड एकदम तीन हार्मोनचं काम करतं, जीएलपी-१, जीआयपी आणि ग्लुकागॉन, २०२३ च्या मधल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये ४८ आठवड्यांत २४.२ टक्के वजन उतरलं. कॅग्रिसेमात सेमाग्लुटाइडबरोबर अमायलिन या स्वादुपिंडातल्या हार्मोनसारखं औषध जोडलंय. माझं लक्ष मात्र ऑर्फोर्ग्लिप्रॉनवर आहे. ती साधी गोळी, फ्रीज नको, सुई नको, उपाशीपोटी घ्यायची कटकट नको, मोठ्या ट्रायलमध्ये ७२ आठवड्यांत ११ टक्क्यांच्या वर वजन उतरलं. आकडा लहान दिसेल, पण सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरच्या माणसापर्यंत पोचायचं तर गोळीच पोचणार. स्नायू राखून नुसती चरबी घालवायची म्हणून बिमाग्रुमॅब नावाच्या अँटिबॉडीवरही काम चालू आहे.

औषधाशिवाय काहीच नाही का?

आहे की! ब्रिटनमधल्या डायरेक्ट ट्रायलमध्ये डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरीवर ठेवलं, देखरेखीखाली, आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय आटोक्यात. ज्यांचं १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात प्रीडायबिटीसवाल्या भारतीयांनी फक्त चालणं आणि खाणं सुधारलं तर डायबिटीस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीच्या बरोबरीने. घरी स्वतःच्या मनाने ८५० कॅलरीचा उपास मात्र करू नका, गोळ्या चालू असताना चक्कर येऊन पडाल.

ऑपरेशनही आहे, बॅरिएट्रिक, वजन फार जास्त असेल तर त्याचा परिणाम अजूनही जास्त टिकाऊ. आशियाई लोकांसाठी २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत ते २७.५ बीएमआयपासून विचारात घ्या म्हटलंय.

पोई डायबिटीसला चालते का हे रोज कुणीतरी विचारतं. पांढऱ्या पावापेक्षा बरी, कोंडा असतो म्हणून, पण पीठ ते पीठच, एक खा, तीन नको. उकड्या तांदळाचंही तसंच.

किंमत कधी खाली येणार?

टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ ची एक कुपी ३,५०० रुपये आणि ५ ची ४,३७५, आठवड्याला एक. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, आणि पेटंट संपलं की काय होतं ते आपण डायबिटीसच्या एम्पाग्लिफ्लोझिन गोळीच्या वेळी बघितलंय, ६० रुपयांच्या आसपासची गोळी २०२५ मध्ये दहाच्या आत मिळायला लागली.

पण स्वस्त म्हणून जिममधून, इन्स्टाग्रामवरून, कुणाच्या दुबईच्या बॅगेतून घेऊ नका. ही औषधं दोन ते आठ डिग्रीत राहायला हवीत, गोठलं तर फेकून द्यायचं, वितळून परत वापरायचं नाही. मी वाळपईच्या गिऱ्हाइकाला पेन देते तेव्हा जेल पॅकवर आधी कागद गुंडाळते आणि मग पेन ठेवते, बर्फाला थेट चिकटू नये म्हणून. बसमध्ये खिडकीजवळच्या उन्हात पिशवी ठेवू नका एवढं सांगून पाठवते. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीझरच्या खालच्या जाळीवर नको.

ट्रायलमध्ये आपल्याला भाग घेता येतो का? फुकट मिळतं म्हणतात.

येतो, पण फुकट मिळतं हे कारण पुरेसं नाही, निम्म्या लोकांना खोटं औषधही मिळू शकतं. भारतात २००९ पासून प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीवर नोंदवावीच लागते, तिथे शोध मोफत आहे, नाव नाही सापडलं तर सही करू नका. संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळायला हवं, मराठी मागा, कोकणी मागा, घरी नेऊन वाचा, एक प्रत आपल्याकडे ठेवा. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे, आणि तुम्ही कधीही बाहेर पडू शकता, त्यावरून तुमचे नेहमीचे उपचार कुणी अडवू शकत नाही.

विचारायचे प्रश्न: हे औषध आधी किती माणसांना दिलंय, कितीदा रक्त काढणार, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, रात्री दोन वाजता त्रास झाला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार की बंद होणार. शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर लेखी घ्या.